सावजी आणि वाइन एका टेबलावर : नागपूरबाहेरच्या हॉटेलात सहा कोर्सचं जेवण कसं जमवायचं

आपल्याकडे गावाबाहेर जेवायला जायचं म्हणजे ढाबा, मटण, तर्री आणि घामाघूम. त्यात वाइन बसवायची म्हटली की लोक दोन टोकांना जातात. काही जण युरोपियन मेन्यू मागवतात आणि काटोल रोडवर बसून पास्ता खातात. बाकीचे सावजी मटणासोबत जाड रेड वाइन उघडतात आणि दुसऱ्या घोटाला जीभ पेटली म्हणून बाटली बाजूला सारतात. दोन्हींची गरज नाही. वऱ्हाडी जेवण वाइनसोबत उत्तम जमतं, फक्त तिखटाचा क्रम आपण ठरवायचा, तो आचाऱ्यावर सोडायचा नाही. वाइन मांसाशी नव्हे, मसाल्याशी जुळवायची. हे एक सूत्र धरलं की खालचं सगळं त्याच ओघात येतं.

हा आराखडा दहा माणसांसाठी आहे. दहाच का, ते बाटल्यांच्या हिशेबात कळेल.

तारीख आणि रस्ता

हंगाम ठरवताना ताटाकडे बघा. हुरडा थंडीतला. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. रात्री गारठा हवा, पण दात वाजायला नकोत. हे सगळं एकत्र येतं ते जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबर टाळलेला बरा, कारण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलं, गाड्या, ड्रायव्हर सगळं महाग आणि गायब. शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि निम्मं टेबल शाकाहारी होतं.

२६ आणि ३० जानेवारी ड्राय डे, हे कॅलेंडरवर आधी लाल करा. महाशिवरात्र आणि निवडणुकांच्या तारखाही तपासा. वार शक्यतो शुक्रवार धरा. शनिवार पाळणारे आपल्याकडे कमी नाहीत आणि ते ऐन वेळी सांगतात. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते, म्हणून डोक्यावर छप्पर असलेलीच जागा घ्या.

आता रस्ता. इथे नागपूरकरांनी नकाशा नीट बघायला हवा, कारण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत ठीक, पण पुढे जिल्हा बदलतो. अमरावती रोडवर बाजारगाव, कोंढाळीपर्यंत आपण नागपूर जिल्ह्यात असतो. त्यापुढे कारंजा (घाडगे) लागतं आणि ते वर्ध्यात. उत्तरेला सावनेरपुढे किंवा देवलापारपुढे गेलात तर मध्य प्रदेश आणि राज्याची सीमा ओलांडून बाटल्या नेणं हा वेगळाच गुन्हा. त्यामुळे काटोल रोड, कळमेश्वर, बाजारगाव किंवा रामटेकच्या अलीकडचा पट्टा सोयीचा. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागा आहेत, ही वरकमाई.

जागा आणि परवाना

जागा निवडताना पहिला प्रश्न जेवणाचा नाही, परवान्याचा. परमिट रूमचा परवाना नसलेल्या फार्महाउस-रेस्टॉरंटमध्ये स्वतःच्या बाटल्या घेऊन बसणं कायद्यात बसत नाही. मालक कितीही म्हणाला, "काही होत नाही भाऊ", तरी धाड पडली तर नाव तुमचंही लिहिलं जातं. जागा फार आवडली आणि परवाना नसला, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढता येतो का, हे मालकाला आठवडाभर आधी विचारा. परवाना असला तर दुसरा प्रश्न : अंगण त्यात येतं का? परवाना ठरावीक जागेचा असतो. आतल्या हॉलचा परवाना आणि टेबल शेतात, असं चालत नाही.

बाटल्या हॉटेलनेच आपल्या परवान्यावर, आपल्या पुरवठादाराकडून मागवाव्यात. तुम्ही फक्त नावं लिहून द्या. मागवायला वेळ लागतो, कारण नागपूरबाहेरच्या बहुतेक ठिकाणी बीअर आणि व्हिस्कीच खपते आणि वाइनच्या दोनचार बाटल्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभ्या असतात. त्या घेऊ नका. गेल्या मे महिन्याचे ४५ अंश त्यांनी बंद दुकानात काढलेले असू शकतात. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा बाटलीच्या मानेवर ओघळ दिसला तर वाइन उष्णतेने गेली, असं समजा. पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइनच्या लेबलवरचं वर्ष दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं नको.

पाहुणे पंचविशीच्या पुढचेच ठेवा आणि प्रत्येकाकडे पिण्याचा परवाना असू द्या, एक दिवसाचा चालतो. हॉटेलातच मिळतो, कोणी मागत नाही, पण घेऊन ठेवावा.

आचाऱ्यासोबत एक दुपार

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आणि सगळे हाच टाळतात. फोनवर मेन्यू सांगून भागत नाही. निदान एकदा जाऊन आचाऱ्यासमोर बसा आणि रस्सा चाखा. सावजी मसाल्यात काळी मिरी, लवंग, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं असा भरणा असतो आणि प्रत्येक भटारखान्याचं प्रमाण वेगळं. ही पद्धत विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेली. जुन्या घरांत जवसाचं तेल वापरत. तुमचा आचारी ते वापरत असेल तर त्याचा किंचित कडवट वास लक्षात घ्यावा लागेल.

आचाऱ्याला सांगायची मुख्य गोष्ट एकच : मसाला तसाच ठेवा, तर्री वेगळी काढा. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे असतो, ते कॅप्सेसिन तेलात विरघळतं. त्यामुळे रश्श्यावर तरंगणारा लाल थर हाच खरा निखारा. तो पळीने काढून वाटीत वेगळा दिला की खालचा रस्सा मिरी-लवंग-दगडफुलाच्या सगळ्या वासासकट उरतो आणि तिखट बरंच उतरतं. आचारी म्हणेल, "तर्री काढली तं सावजी कसली, साहेब?" त्याला सांगा, वाटी टेबलावरच राहील, ज्याला हवी तो घेईल. मान दुखावत नाही आणि काम होतं. पाण्याने रस्सा पातळ करू देऊ नका. त्याने तिखट कमी होत नाही, चव जाते.

वाइन आणि तिखट यांचं भांडण नेमकं काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची निवड पटेल. कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचतं. अल्कोहोलही तेच करतं, म्हणून जास्त अल्कोहोलची वाइन तिखटावर तेल ओतते. रेड वाइनमधलं टॅनिन तोंड कोरडं करतं आणि पोळलेल्या जिभेला ते आणखी खरखरीत लागतं. उलट थोडा गोडवा आणि थंडावा जाळ शमवतात. म्हणून नागपुरी टेबलावर सहातल्या पाच वाइन पांढऱ्या, गुलाबी किंवा गोडसर असणार आणि रेड एकच. रेडशिवाय वाइन नाही, असं मानणारा एक मित्र प्रत्येक गटात असतोच. त्याला आधी सांगून ठेवा.

आता क्रम

पहिला : हुरडा, बाहेर आगटीजवळ, उभ्या-उभ्या. कोवळी ज्वारी मुळात गोडसर. सोबत जवसाची किंवा तिळाची चटणी, लसणाचं तिखट नाही. बुडबुडे आणि लाल तिखट एकत्र आले की जीभ टोचते. इथे ब्रुट स्पार्कलिंग, म्हणजे कोरडी, बुडबुडेवाली वाइन : दिंडोरीच्या शाँदों किंवा नाशिकच्या सुला या वाइनरीची. खारट, भाजक्या आणि किंचित पिठूळ चवीला बुडबुडे धुऊन काढतात. आगटीचा धूर इतर वाइनचा वास मारतो, म्हणून बाहेरचा कोर्स हाच आणि एवढाच. पुढचं सगळं आत. डासांसाठी कॉइल लावायची असेल तर ती दारापाशी, टेबलाखाली नाही. अगरबत्ती तर नकोच.

दुसरा : पुडाची वडी, सोबत पातळ कढी. सांबार (पुण्याकडच्यांसाठी, कोथिंबीर), खसखस, खोबरं, आतून चिंच-गुळाचा हात आणि वरून कुरकुरीत तळलेला पुडा. हिला पांढरी सोविन्यॉ ब्लाँ. या द्राक्षात मुळातच कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा हिरवा वास असतो. तो कोथिंबिरीशी असा जुळतो की कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वाइन आंबट आहे हे इथे फायद्याचं : आंबट पदार्थासमोर वाइन तेवढीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. वडी माणशी दोनच. तिसरी मागणारे निघतील, देऊ नका, पुढे मटण आहे.

तिसरा : वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर. वांगी गॅसवर नकोत, पऱ्हाटीवर भाजायला सांगा. विदर्भात कापसाच्या काड्या मिळत नाहीत, असं कोणी म्हणणार नाही. हिरवी मिरची बेताची, कांद्याची पात भरपूर. धुरकट चवीला रोझे चांगली जाते. सुलाची झिनफांडेल रोझे किंचित गोडाकडे झुकते आणि हिरव्या मिरचीला सांभाळून घेते. इथे मी फार डोकं लढवत नाही. हा दोन मोठ्या कोर्समधला विसावा आहे.

चौथा : सावजी मटण. माणशी दोन तुकडे, एक वाटी तर्री काढलेला रस्सा, अर्धी भाकर. इतकंच. सावजीत जेवायला बसल्यासारखं वाढलं तर पुढे कोणी काही खाणार नाही. शाकाहारींना त्याच मसाल्याच्या, मटणाशिवाय केलेल्या रश्श्यात पातोडी (बेसनाच्या वड्या). वाइन मसाल्याशी जुळवायची म्हणतो ते यासाठीच : मसाला एकच, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच वाइन लागू पडते. भांडी आणि पळ्या मात्र वेगळ्या, आणि हे आचाऱ्याला नाही, वाढणाऱ्या पोरांना सांगा. चूक तिथे होते.

या कोर्सला दोन छोटे ग्लास. आधी पांढरी शेनिन ब्लाँ, थोडी गोडसर, चांगली गार. सुलाची शेनिन याच वळणाची आहे. मग शिराझ, हीच ती एकमेव रेड. शिराझमध्ये रोटनडोन नावाचं द्रव्य असतं, तेच काळ्या मिरीतही असतं. त्यामुळे तर्री काढलेल्या सावजी रश्श्यासोबत शिराझचा वास एकदम ओळखीचा वाटतो. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेजे घेतलीत तरी चालेल, ती अंगाने हलकी असते. ओकच्या पिंपात मुरवलेली, जड, महागडी रिझर्व्ह इथे वाया जाते. ती घरी खिमा पॅटिससोबत उघडा. टेबलावर दोन्ही ग्लास समोर आले की गट पडतात : तर्रीची वाटी ओढणारे शेनिनकडे वळतात, न ओढणारे शिराझकडे. हा वाद रंगू द्या. रात्रीचा सगळ्यांत मजेदार भाग हाच असतो.

पाचवा : गोळाभात. भिजवून भरड वाटलेल्या हरभरा डाळीचे गोळे, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, वरून कडकडीत तेलाची फोडणी आणि सुकी मिरची. याला वाइन नको. भिवापुरी मिरचीची गरम फोडणी कुठल्याही वाइनला उभं राहू देत नाही, आणि एव्हाना माणसांनाही थांबायची गरज असते. मठ्ठा द्या. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, म्हणून ताकाने जिभेला जो आराम मिळतो तो पाण्याने मिळत नाही. सहा कोर्समध्ये एक कोर्स वाइनशिवाय ठेवला की जेवण लंगडं होत नाही, उलट सरळ चालतं.

सहावा : संत्रा बासुंदी. आटवलेलं दूध पूर्ण गार झाल्यावरच सोललेल्या फोडी मिसळा, गरम दुधात टाकल्या तर दूध नासेल. साखर नेहमीच्या निम्मी. गोड पदार्थाहून वाइन जास्त गोड हवी, हा इथला एकमेव नियम. म्हणून संत्रा बर्फी, पुरणपोळी यांच्यापुढे वाइन हरते. त्या घरी खा. सोबत लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ, वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची. मृग बहाराची संत्री मिळाली तर वाइनचा आणि फोडींचा आंबट-गोड तोल छान लागतो.

किती बाटल्या, किती गार

७५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलीचे बरोबर दहा ग्लास होतात. म्हणून दहा माणसं. ब्रुट, सोविन्यॉ ब्लाँ, रोझे यांची प्रत्येकी एक बाटली. मटणाच्या वेळी शेनिन आणि शिराझ माणशी चाळीस-चाळीस मिली, म्हणजे त्यांची प्रत्येकी एक बाटली पुरून उरते आणि आवडलेल्याला थोडी आणखी देता येते. लेट हार्वेस्ट ५० मिली पुरे, म्हणजे ३७५ मिलीच्या दोन अर्ध्या बाटल्या. ब्रुट आणि शिराझची एकेक बाटली राखीव मागवा. न उघडलेल्या परत घेतल्या जातील, हे आधीच ठरवून घ्या.

माणशी एकूण साधारण ३५५ मिली होते. तीन-चार तासांत, जेवणासोबत, हे पचतं. पण गाडी चालवायला नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा ओलांडायला एवढं पुरेसं आहे आणि पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. काटोल रोडवर रात्री उशिरा ॲपवरची टॅक्सी मिळेल, या भरवशावर राहू नका.

गारपणाचं थोडक्यात : ब्रुट आणि लेट हार्वेस्ट ६ ते ८ अंश, पांढऱ्या ८ ते १०, रोझे १० ते १२, शिराझ १५ ते १७. थर्मामीटर कोणी आणत नाही, म्हणून सोपी युक्ती. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली रोवली तर दुप्पट वेळ लागतो, कारण काचेला चिकटायला पाणीच नसतं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी म्हणतात, ती खोली नागपूरची नव्हे. उन्हाळ्यात आपली खोली ३५ अंशांची असते आणि तेव्हा शिराझलाही दहा मिनिटं बादली हवी. फेब्रुवारीत मात्र उलटं होतं : रात्री बाहेर ठेवलेली शिराझ इतकी गार पडते की तिचा वास बंद होतो आणि टॅनिन तेवढं टोचतं. ती दुपारपासून आत ठेवा.

ग्लास माणशी तीन पुरेत. एक उंच, दोन साधे गोल. मधे पाण्याने विसळून वापरा. हॉटेलकडे साठ ग्लास असतील, असं गृहीत धरू नका आणि बीअरच्या मगात ब्रुट आली तर हसूनही घेऊ नका, परत पाठवा.

त्या संध्याकाळचं घड्याळ

सहाला हुरडा, कारण सव्वासहापर्यंत सूर्य मावळतो आणि उजेडात हुरडा निवडता येतो. पावणेसातला आत बसून वडी. साडेसातला भरीत. सव्वाआठला मटण, आणि इथे पाऊण तास द्या. नऊला गोळाभात, साडेनऊला बासुंदी. दहापर्यंत उठायचं. भटारखान्याला हा कागद लिहून द्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक माणूस नेमा, जो टेबल बघून आत सांगेल. नागपुरात सातचं आमंत्रण म्हणजे साडेसात. त्यामुळे पाहुण्यांना साडेपाच सांगा. जनरेटर डिझेलसकट आहे ना, एवढं दुपारी विचारून ठेवा.

प्रत्येक वाइन ओतताना दोन वाक्यं बोलायला हरकत नाही. तिसरं वाक्य नको. लोकांना रश्श्यात जास्त रस असतो, आणि तो असावा.

बिल आणि उरलेलं

जेवणाचा आणि वाइनचा भाव वेगळा लिहून घ्या, कारण जेवणावर जीएसटी आणि वाइनवर व्हॅट लागतो. सगळं एका आकड्यात सांगितलं की कुठे काय लावलं ते शेवटी कळत नाही. आचाऱ्याला वेगळी बक्षिसी, हातात, मालकासमोर नाही. न पिणाऱ्या पाहुण्यांचा वाटा कमी करा. सरसकट भागाकार केला की पुढच्या वेळी ते येत नाहीत.

उघडलेल्या बाटल्या गाडीत घेऊन निघू नका. उरलेली ब्रुट तिथेच संपवा, तिचे बुडबुडे सकाळपर्यंत टिकत नाहीत. उरलेली शिराझ आचाऱ्याला विचारून भटारखान्यात द्या. राखीव, न उघडलेल्या बाटल्या बिलातून वजा झाल्या का, ते टेम्पो सुरू व्हायच्या आधी तपासा.